बेचाळीस लाखांचे घर कितीला पडते?

फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, रो-हाऊस, फक्त ४२ लाख. सोलापूरच्या हद्दवाढ भागात, मजरेवाडीच्या बाजूला एका ओळीत सहा घरे उभी होती. प्रत्येकाला पुढे दुचाकीपुरते अंगण, वर गच्ची आणि दाराला चकचकीत पितळी कडी. आमच्या धाकटीने ती कडी दोनदा वाजवून पाहिली. अम्मी मात्र आत शिरल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून थांबल्या. "वर किती आहेत?" म्हणाल्या. पायऱ्या पंधरा होत्या.

आम्ही दोघे, एकाची शाळा आणि एकीची शिलाई, गेले सहा महिने अशी घरे पाहत हिंडतो आहोत. बेगम पेठेतल्या माळवदाच्या वाड्यात आमच्या वाट्याला दोन खोल्या होत्या. पावसाळ्याआधी माळवदावर चिकणमाती टाकायची, गवत उपटायचे, तरी एखादा कोपरा गळायचाच. मुली मोठ्या झाल्या. अभ्यासाला कोपरा उरला नाही, पाहुणा आला की कुणीतरी स्वयंपाकघरात झोपायचे. शेवटी सगळ्या भावंडांनी मिळून तो हिस्सा विकायचा ठरवला. वाड्यातल्याच चुलत भावाला आधी विचारले, कारण आपल्याकडे भागीदाराला शुफ्याचा पहिला हक्क मानतात आणि ती रीत चांगलीच आहे. त्याने २४ लाखांना घेतला आणि म्हणाला, "जूनपर्यंत निवांत राहा." त्याने मोठ्या मनाने म्हटले, पण जून म्हणजे जून.

तर २४ लाख. मोहल्ल्यातला हिशेब सोपा होता. दोघे भाऊ, बारा-बारा लाख. एका बुजुर्गांनी तर आमच्यासमोर बोटांवर मोजून दाखवले. बहिणींचा विषय निघाला तेव्हा ते हसले, "अरे, त्या थोड्याच घेणार आहेत? माहेर तुटेल की त्यांचं!"

आम्हीही आतून हाच आकडा धरून चाललो होतो, हे कबूल केले पाहिजे. बारा लाख धरूनच ४२ लाखांच्या घराकडे पाहायची हिंमत झाली होती. पण एका रात्री उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर कोऱ्या कागदावर तरक्याची मांडणी केली. अब्बांच्या पश्चात अम्मी, दोन मुलगे, दोन मुली. अम्मींचा आठवा हिस्सा म्हणजे ३ लाख. उरले २१. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, असे सहा वाटे. म्हणजे प्रत्येक भावाला ७ लाख आणि प्रत्येक बहिणीला साडेतीन. शाळेत आम्ही सहावीला अपूर्णांक शिकवतो. हे गणित त्याहून अवघड नाही. अवघड इतकेच की उत्तर बारा येत नाही, सात येते.

पाच लाख एका रात्रीत गेले, असे वाटले. खरे तर ते आपले कधी नव्हतेच.

दोघी बहिणींना धनादेश दिले. "आधी खात्यात भरा, मग काय करायचे ते करा," एवढेच सांगितले. माफ करता का, असे आधी विचारून हातात काही न देण्याची जी पद्धत आहे ती आम्हाला पटत नाही. जे हातात आलेच नाही ते सोडले असे कुणी कसे म्हणावे? धाकटीने भरले. थोरलीने धनादेश दोन आठवडे कुरआनच्या रेहलीखाली ठेवला आणि मग तिनेही भरला.

आता त्या ४२ लाखांच्या घराकडे परत येऊ.

फलकावरचा आकडा ही सुरुवात असते. आमच्या शहरात दस्तावर ६ टक्के मुद्रांक शुल्क लागते. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर १ टक्का सवलत, म्हणजे २ लाख ५२ हजारांऐवजी २ लाख १० हजार. नवरा-बायको दोघांचे नाव असेल तर ही सवलत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर असेल तर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असेल तर ४५ लाखांच्या आतल्या लहान घराला १ टक्का. या सहा घरांना ते प्रमाणपत्र अजून मिळायचे होते, म्हणजे आणखी ४२ हजार. मग बिल्डरच्या कागदावर 'इतर' अशी एक ओळ होती. वीज मीटर, नळजोड, वकील, सगळे मिळून दीड लाख. वरून जाळ्या, पंखे, ओट्याखालची कपाटे आणि हौद वाढवणे, यांना आम्ही काटकसरीने २ लाख धरले. बेरीज ४८ लाखांच्या वर गेली. सहा लाख फलकावर नव्हतेच.

बायकोच्या नावावर घेऊन ४२ हजार वाचवायचे, हे आम्ही लगेच ठरवले होते. नंतर वाटले, थांबा. दस्तावर जिचे नाव तीच मालक. मग पैसे कुणाचे किती, ही भेट की फक्त नाव, हे आजच घरात स्पष्ट बोलून, लिहून ठेवायला हवे. नाहीतर तीस वर्षांनी आपल्या मुलांपैकी कुणी बोटांवर बारा-बारा मोजत बसेल.

घर मोजायला आम्ही टेप घेऊन गेलो. बिल्डरच्या माणसाला ते फारसे आवडले नाही. माहितीपत्रकात १,०५० चौरस फूट होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजले तर ७७० भरले, आणि त्यात जिन्यानेच दोन्ही मजल्यांवर मिळून सव्वाशे खाल्ले होते. पायरीची उंची शाळेच्या फूटपट्टीने मोजली, २० सेंटीमीटर. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि छोटे शौचालय. झोपायच्या दोन्ही खोल्या वर. अम्मींच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला आहे. म्हणजे त्यांची झोपायची जागा बैठकीत, जिथे येणारा-जाणारा, टीव्ही, शिलाईची गिऱ्हाइके. अम्मी तक्रार करणाऱ्या नाहीत. "मी दिवाणावर पडेन, मला काय," म्हणाल्या. पण ज्यांच्या ३ लाखांवाचून आमचे गणित जुळत नव्हते त्यांनाच नव्या घरात खोली नाही, हे आम्हाला रात्रभर टोचत राहिले.

रो-हाऊसचे सुख नाकारायचे नाही. पायाखालची जमीन आपली असते. फ्लॅटमध्ये जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो, तो कागदावर दिसतो, पायाला लागत नाही. डोक्यावर कुणी राहत नाही, महिन्याचा देखभाल खर्च नाही, गच्चीवर पापड-कुरडया वाळवता येतात, बकरी ईदला बकरा दोन दिवस दारात बांधता येतो. फ्लॅटच्या वाहनतळात त्यावरून काय काय होते ते अनेकांनी अनुभवले असेल.

पण मधल्या घराला उजेड फक्त पुढून आणि मागून येतो. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. आम्ही दुपारी अडीचला मधल्या खोलीत उभे राहिलो तर दिवा लावावा लागला. वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला. हे फेब्रुवारीत, आणि सोलापूरचा मे अजून यायचा होता. शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत होते, तो आपल्याच डोक्यात ठोकल्यासारखा ऐकू आला. उद्या शेजाऱ्याने न्हाणीघराची गळती काढली नाही तर ओल आपल्या भिंतीला. तिसरा मजला चढवायचा म्हटले तर पाया आणि भिंत दोघांची. शेजारी चांगला मिळणे ही घरातली सर्वांत महाग वस्तू आहे, आणि तिची किंमत कुठल्याही कोटेशनमध्ये नसते.

पाण्याचे तर सोलापूरकरांना सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. माणशी रोज १३५ लिटरचे जे प्रमाण सरकारी कागदांत धरतात, त्याने आमच्या पाच माणसांना पाच दिवसांचे ३,३७५ लिटर होतात. बिल्डरने दिलेला हौद २,००० लिटरचा होता. हौद वाढवायचा तर अंगण खोदायचे. अंगण तेवढेच, त्याखालीच शोषखड्डा. त्या गल्लीत अजून ड्रेनेजची लाईन आलेली नव्हती. हौद आणि शोषखड्डा किती अंतरावर आहेत ते आम्ही विचारले. बिल्डरचा माणूस म्हणाला, "सर, सगळ्यांचं असंच आहे."

घराच्या बाबतीत 'सगळ्यांचं असंच आहे' हे उत्तर कुठेही आले की सावध व्हावे. कागदांबाबतही तेच उत्तर मिळाले. महारेराची नोंदणी विचारली तर म्हणे लागत नाही. ते खरेच होते. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत घरे असतील तर कायद्यात सूट आहे. सहाच घरे का बांधली, याचे उत्तर कदाचित तिथेच असेल. पण मग नोंदणीमुळे जे संरक्षण मिळते, ठरलेली तारीख, कार्पेट क्षेत्राचा हिशेब, दाद मागायची जागा, त्यातले बरेच आपल्याला मिळत नाही आणि स्वतःच जास्त जागरूक राहावे लागते. मंजूर रेखांकन, बिगरशेती आदेश, बांधकाम परवाना, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि ३० वर्षांचा शोध अहवाल. आपल्या काही वस्त्यांत शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून गुंठा-दोन गुंठे घेतलेली घरे आहेत. स्वस्त पडली म्हणून लोक खूश होते. आता ना नाव लागते, ना परवाना मिळतो, ना कुणी पुढे विकत घेतो. स्वस्ताई तिथेही फलकापुरतीच होती.

शेवटच्या बैठकीत बिल्डरने आवाज खाली आणला. "बत्तीसची पक्की करू, दहा कच्चे द्या. तुमचंही शुल्क वाचेल." साठ हजार वाचत होते हे खरे. पण उद्या घरात दोष निघाला, व्यवहार फिसकटला, तर आपण ३२ दिले एवढेच सिद्ध होते. पुढे विकताना नफाही ३२ वरूनच मोजला जातो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, दंड घेतलेल्या रकमेइतका. आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी निबंधकासमोर बसून खोट्या आकड्याखाली अंगठा उठवायचा, आणि त्या घरात पहिल्या दिवशी कुरआनख्वानी ठेवायची? आम्ही दहा लाख रोख आणणार तरी कुठून, हा भाग वेगळाच.

कारण आमच्याकडे होते ते असे. वाड्याचे ७ लाख. नोकरी २००३ ची, म्हणून जुना भविष्य निर्वाह निधी आहे. त्यातून ना-परतावा ९ लाख. बचत आणि दोन बांगड्या मिळून ४. हे झाले २०. अम्मी म्हणाल्या, माझे ३ धरा. ते आम्ही भेट म्हणून नव्हे तर कर्ज म्हणून वहीत लिहिले, कारण त्यांच्या पैशावर उद्या बहिणींचाही हक्क आहे. एकूण २३. कमी पडत होते २५ लाख.

२५ लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढून पाहिले. हप्ता २१,६९६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजाचे, मुद्दल फिटते अवघे ३,९८८. वीस वर्षांत भरायचे ५२ लाख, त्यातले २७ लाख व्याज. म्हणजे ४२ चे घर ४८ चे झाले होते, ते आता ७५ च्या घरात गेले. आणि हे व्याज म्हणजे सूद. आपल्याकडे बिनव्याजी बँकिंगची खिडकी उघडण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये पुढे न नेण्याचे ठरवले. राहत्या घराच्या निकडीत काय करावे यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि आम्ही त्यात फतवा देणारे कोण? आमच्या मौलानासाहेबांना विचारले. त्यांनी उलट विचारले, "डोक्यावर छप्परच नाही की छप्पर आहे पण पितळी कडी हवी आहे?" आम्ही दोघेही खाली पाहू लागलो.

मधल्या ओळीतले ते घर आम्ही सोडले. धाकटी दोन दिवस रुसून होती.

त्यानंतर आणखी पाच-सहा ठिकाणी फिरलो. शहराच्या दुसऱ्या बाजूला एक टुमदार घर फोनवर 'रिकामे आहे' होते. नाव सांगितल्यावर 'कालच बुकिंग झाले' झाले. तीन आठवड्यांनी त्याची जाहिरात पुन्हा दिसली. याबद्दल अधिक लिहित नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. एवढेच म्हणू की त्यामुळे आपल्यासाठी बाजार लहान होतो, आणि लहान बाजारात भाव चढेच असतात. तोही खर्च आपल्याच हिशेबात येतो.

मग एका सहकारी शिक्षकामुळे जुने घर कळले. ओळीतलेच, पण टोकाचे. एकमजली, साधारण वीस वर्षांपूर्वीचे. एका बाजूला बोळ, म्हणून मधल्या खोलीत खिडकी. प्लास्टर सुटलेले, फरशी शहाबादी, हौद मात्र दांडगा, ६,००० लिटरचा. दारात दोन पायऱ्या. अम्मी त्या चढल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि तिथेच खिडकीशी बसल्या. मागणी ३४ लाख, सगळे पक्के. शुल्क, नोंदणी, वकील आणि दोन लाखांची डागडुजी धरून ३८ च्या थोडे वर. म्हणजे आता कमी पडत होते १५. दोन मेहुणे आणि एक जुना मित्र मिळून ६ लाख कर्ज-ए-हसना द्यायला तयार झाले. तेही साक्षीदारांसह लिहून, मुदत घालून. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, देणेघेणे लिहून ठेवण्याबद्दल आहे, तरी नात्यात लिहून घ्यायला आपण लाजतो. उरले ९ लाख. घरमालकाला विचारले की किंमत आजच पक्की ठरवून हे ९ लाख महिना २५ हजारांनी तीन वर्षांत घ्याल का? तो म्हणाला, एक वर्ष फार तर. बँकेकडे गेलो तर सात वर्षांत सुमारे ३ लाख व्याज होते. २७ च्या मानाने ३ काहीच नाही, असे एकाने म्हटले. अम्मी म्हणाल्या, "कमी असला म्हणून त्याचं नाव बदलतं का?" यावर अजून आमच्या घरात एकमत नाही.

तेवढ्यात वकीलसाहेबांचा शोध अहवाल आला. जमीन स्वच्छ, परवाना स्वच्छ, कर भरलेला. पण घर मूळ मालकाच्या वडिलांचे होते. ते वारल्यावर नोंद एकट्या मुलाच्या नावाने झाली होती. आम्ही विचारले, बहीण आहे का? आहे, गुलबर्ग्याला दिली आहे. हक्कसोडपत्र? "तोंडी सोडलंय तिने," मालक म्हणाला, "अहो सर, तिला काय कमी आहे?"

भाव ३४ च का होता ते आता समजले. आणि आम्हाला ते बुजुर्ग आठवले, बोटांवर मोजणारे.

आम्ही सांगितले, बहीण निबंधकासमोर स्वतः येऊन दस्तात सही करेल आणि तिच्या हिश्शाचा धनादेश तिच्या नावाने वेगळा निघेल, तर घेऊ. मालक चिडला. "तुम्हाला घर घ्यायचंय की माझ्या घरात भांडण लावायचंय?" वकीलसाहेबांनी त्याला कायद्याच्या बाजूने समजावले, की उद्या तिने दावा केला तर अडकतील तुम्ही आणि हे दोघेही. तो उठून गेला. आम्हीही मनातून त्या घराला सलाम केला आणि पुन्हा जाहिराती चाळू लागलो. एप्रिल अर्धा संपला होता. चुलत भावाने काही म्हटले नाही, पण एकदा त्याचा मुलगा फीत घेऊन आमच्या खोलीची भिंत मोजून गेला.

परवा रात्री मालकाचा फोन आला. आवाज मऊ होता. बहिणीशी बोलणे झाले, ती रविवारी गुलबर्ग्याहून येते आहे. तिला म्हणे आधी घेणाऱ्यांना भेटायचे आहे. किंमत थोडी वाढवून मागेल, असेही त्याने सुचवले. तिच्या मते घर ३४ चे नाही, ३५ चे आहे.

वहीत आम्ही ३४ खोडून ३५ लिहिले आणि खाली पुन्हा बेरीज मांडली. अम्मींनी विचारले, ती किती वाजता येणार आहे, म्हणजे जेवायलाच थांबवता येईल.